दोन्ही हात मोकळे

रंगनाथ बोरस्ते यांची मागणी तशी फार मोठी नव्हती. आपल्या शिडाच्या होडीत, आपल्या बायकोशेजारी बसून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात घास धरून त्यांना थालीपीठ खायचं होतं. निवृत्त झाल्यावर लोक चारधाम मागतात, परदेशातल्या मुलाकडे तिकीट मागतात. त्या मानानं हे काहीच नाही. पण गंगापूर धरणावरच्या वाऱ्याला ते मंजूर नव्हतं.

ज्यांनी शिडाची होडी पाहिलेली नाही, आणि नाशिकमध्ये असे बरेच सुखी लोक आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात सुकाणू असतं आणि त्याचा लाकडी दांडा होडी चालवणाऱ्याच्या हातात. हा दांडा तान्ह्या बाळासारखा असतो. खाली ठेवला की बिघडला. रंगनाथरावांनी एकदा शिंक आली म्हणून तो सोडला होता, तर शिंक पुरी व्हायच्या आत होडीचं तोंड त्र्यंबककडून नाशिककडे झालं होतं. त्यामुळे चहा ओतणं, चष्मा पुसणं, बायकोच्या खांद्यावर हात ठेवणं ही कामं होडीत वर्ज्य. शिवाय वारा फिरला की शिडाखालचा आडवा नळा, क्लबातले लोक त्याला बूम म्हणतात, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन जातो. तो जाताना मध्ये आपलं डोकं नसावं, एवढी खबरदारी घ्यावी लागते.

संध्याताई नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्या आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी रंगनाथरावांनी त्यांना हौसेनं होडीत बसवलं. त्या फेरीत नवऱ्यानं बायकोशी केलेलं संपूर्ण संभाषण असं होतं: "डोकं खाली! सरक! तिकडे नाही, इकडे! दोरीवर बसलीस! अगं, डोकं!"

किनाऱ्याला लागल्यावर संध्याताईंनी शांतपणे ओढणी झटकली. "अहो," त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी तुमचे दोन्ही हात मोकळे असतील आणि तोंड बंद असेल, त्या दिवशी मला बोलवा. तोवर तुम्ही आणि तुमची हर्षाली."

हर्षाली हे होडीचं नाव. आधीच्या मालकानं ते नातीवरून ठेवलं होतं आणि रंगनाथरावांनी निव्वळ आळसानं ते तसंच राहू दिलं. 'बोरस्ते दर रविवारी हर्षालीकडे जातात' हे वाक्य कॉलनीत ज्या सुरात म्हटलं जाई, तो सूर त्यांना फार उशिरा कळला.

खरं सांगायचं तर बायकोचं ते बोलणं त्यांना लागलं. नोकरीची सगळी वर्षं त्यांची सातपूरच्या कारखान्यात पाळी आणि संध्याताईंची प्रेसमध्ये. दोघांची भेट मुख्यतः दारात व्हायची, एक जण आत येताना आणि एक बाहेर जाताना. निवृत्तीनंतर निवांत बसू, असं रंगनाथराव मनाशी धरून होते. निवृत्ती आली, आणि संध्याताई भजनी मंडळ, योगासनं, मैत्रिणींबरोबर वणीच्या खेपा यांत अशा रमल्या की भेट पुन्हा दारातच होऊ लागली. रंगनाथरावांना बायकोची आठवण यायची, आणि बायको तर घरातच राहत होती. अशा माणसानं तक्रार करायची ती कुणाकडे?

अशा मनःस्थितीत त्यांना मोबाइलवर तो व्हिडिओ दिसला. कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला म्हातारा होडीत पाय पसरून सूप पीत होता आणि सुकाणूचा दांडा त्याच्या शेजारी आपला आपण हलत होता. दांड्याला हातभर लांबीची एक काळी नळी जोडलेली. नळीच्या पोटात होकायंत्र आणि छोटी मोटर. बटण दाबताना होडीचं तोंड ज्या दिशेला असेल ती दिशा यंत्र ध्यानात ठेवतं. होडी तिथून ढळली की नळीतली सळई पुढे किंवा मागे सरकते, दांडा ढकलते, होडी परत त्या दिशेला. याला म्हणे ऑटोपायलट म्हणतात. म्हाताऱ्याशेजारी म्हातारी बसली होती, ही गोष्ट रंगनाथरावांनी व्हिडिओ थांबवून दोनदा खात्री करून घेतली आणि यंत्र मागवलं.

ते लवकर आलं नाही. वाटेत कुठल्याशा गोदामात अडकलं आणि तिथून एका बाईंचा फोन आला. "सर, पार्सलमध्ये काय आहे?"

"होडी आपोआप चालवायचं यंत्र."

"कुठल्या समुद्रात वापरणार?"

"नाशिकला."

मग बाई फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "सर, घरात दुसरं कोणी आहे का बोलायला?"

शेवटी पार्सल आलं तेव्हा कॉलनीत सर्वांत आधी सावळीराम नाना गायधनी हजर झाले. नाना खालच्या मजल्यावरचे. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांची हयात गेली, त्यातली बरीचशी वणीच्या घाटात, आणि चाक असलेल्या किंवा नसलेल्या कुठल्याही वाहनाबद्दल त्यांचं मत तयार असे. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं.

"हे तं सायकलच्या पंपावानी दिसतंय, रंगनाथराव. याला ब्रेक कुठंय?"

"नाना, होडीला ब्रेक नसतो."

"ब्रेक नाय?" नाना खुर्चीतच बसले. "आन् तुम्ही वहिनींना घेऊन जाणार?"

यंत्राची चाचणी दिवाणखान्यात झाली. टीपॉय उलटा करून त्याची होडी केली, झाडूच्या दांड्याचं सुकाणू केलं, मोटारसायकलची जुनी बॅटरी आतून आणली. रंगनाथराव उलट्या टीपॉयमध्ये बसले आणि नानांनी वारा होऊन टीपॉय फरशीवर गोल फिरवायला घेतला. यंत्रानं घुर्रघुर्र करत झाडू असा काही डावी-उजवीकडे ढकलला की नानांनी आनंदानं आरोळी ठोकली. नेमक्या त्याच वेळी संध्याताई भजनाहून परतल्या. निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर टीपॉयमध्ये आणि निवृत्त एसटी ड्रायव्हर चारी पायांवर, हे दृश्य त्यांनी दारातूनच पाहिलं, चपला काढल्याच नाहीत आणि तशाच शेजारी चहाला गेल्या.

आता यंत्र दांड्याला जोडायला दांड्यात एक भोक पाडून खिळी बसवायची होती. इथे रंगनाथरावांचा स्वभाव आडवा आला. ते आयुष्यभर क्वालिटीत होते. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या वस्तूत केसाएवढी चूक काढायची आणि ती परत पाठवायची, हे त्यांचं काम. स्वतः काही करायचा प्रसंग नोकरीत त्यांच्यावर कधी आला नाही. त्यांनी पहिलं भोक पाडलं, मोजपट्टी लावली, आणि सवयीनं नापास केलं. दुसरं जरा तिरकं होतं, तेही नापास. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी स्वतःला ताकीद दिली. नाना बघायला आले तेव्हा त्यांनी दांडा उचलून तोंडापाशी नेला आणि बासरीसारखी बोटं ठेवून दाखवली. रंगनाथराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सातपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून नवा दांडा भोकासकट करून आणला, आणि त्यातही त्यांनी एक चूक काढलीच, पण मनातल्या मनात.

पुढचा अडथळा क्लबचा. गोदातरंग नौकाविहार मंडळ हे नाव मोठं असलं तरी मंडळाकडे होड्या थोड्या आणि नियम भरपूर होते, आणि सगळे नियम धात्रक सेक्रेटरींना पाठ होते. धात्रकांनी चष्मा कपाळावर सरकवून यंत्राकडे पाहिलं.

"यात मोटर आहे?"

"आहे. पण ती होडी नाही चालवत, फक्त दांडा हलवते."

"म्हणजे मोटर आहे. आपल्या पाण्यात मोटरबोटीला बंदी."

रंगनाथरावांनी पुष्कळ समजावलं. घड्याळातही मोटर असते, मग हातात घड्याळ बांधून होडीत बसलेला माणूस मोटरबोटीत बसलेला असतो का, असा बिनतोड मुद्दा त्यांनी मांडला. त्यावर धात्रकांनी आपलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विषय कमिटीपुढे नेला. कमिटीनं भज्यांच्या दोन परातींवर विचारविनिमय करून निकाल दिला: मोटरचं राहू द्या, पण नियमाप्रमाणे सुकाणू धरणारा मंडळाचा सभासद पाहिजे. सुकाणू धरणार यंत्र. तेव्हा यंत्राला सभासद करून घ्यावं.

"पोहता येतं का?" धात्रकांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचा लवलेश नव्हता.

"कोणाला?"

"नव्या सभासदाला. पोहण्याची परीक्षा असते."

"बुडेल ते."

"मग लाइफ जॅकेट कायम घालावं लागेल."

त्याप्रमाणे यंत्राला लहान मुलाचं नारिंगी जॅकेट घालून वर दोन बंद बांधण्यात आले. भिंतीवरच्या सभासदांच्या पाटीवर बोरस्त्यांच्या खाली 'बोरस्ते (यंत्र)' अशी ओळ रंगवली गेली. त्या पाटीसमोरून जाताना रंगनाथराव मोबाइलवर बोलत असल्यासारखं करत.

पण हे सगळं त्यांनी गिळलं, कारण संध्याताई यायला तयार झाल्या होत्या. "हात मोकळे?" त्यांनी विचारलं होतं. "दोन्ही," ते म्हणाले. "आणि तोंड?" "तेही." संध्याताई हसल्या आणि भाजणी काढायला उठल्या. रविवारपर्यंत रंगनाथराव घरात शीळ घालत हिंडत होते.

यंत्राबरोबर आलेलं माहितीपत्रक त्यांनी क्वालिटीच्या शिस्तीनं वाचलं होतं. आत होकायंत्र आहे, लोखंड आणि चुंबक जवळ आणू नये, असं त्यात ठळक छापलेलं. झालं. रविवारी सकाळी त्यांनी संध्याताईंची अक्षरशः झडती घेतली. थालीपिठांचा स्टीलचा डबा बाद, प्लास्टिकचा आणला. पर्सच्या झडपेला चुंबक, म्हणून पर्स घरी. घराच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे. ओढणीची सेफ्टी पिनसुद्धा त्यांनी काढायला लावली.

"मंगळसूत्र चालेल ना?" संध्याताईंनी विचारलं.

"सोनं चालतं," रंगनाथराव गंभीरपणे म्हणाले.

धरणावर पोचले तर नाना त्यांच्या आधी एसटीनं येऊन उभे. हातात नारळ, कुंकू, आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. नवी वस्तू, पूजा नको का करायला? नानांनी धक्क्यावर नारळ फोडला, यंत्राच्या काळ्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि रुमाल सोडला. आत बोटभर उंचीचा पितळी गणपती होता. तो नानांच्या गाडीत स्टिअरिंगसमोर बसायचा.

"पूर्ण नोकरीभर माझ्यापुढं व्हता," नाना म्हणाले. "घाटात कधी दगा दिला नाय यानं. याला ब्रेक नाय म्हनता, तं निदान हा तरी असू द्या."

रंगनाथरावांना भरून आलं. त्यांनी तो गणपती दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि यंत्राच्या डोक्यावर, जॅकेटच्या गळ्यातून बरोबर दिसेल असा ठेवला. प्लास्टिकवर तो नीट उभा राहीना, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून तो पक्का केला. ज्या माणसानं सेफ्टी पिन सोडली नाही, त्याला हे करताना काहीच खटकलं नाही. गणपती तो गणपती. तो कशावर बसलाय, हे आपल्यात वाकून कोण बघतं?

हर्षाली निघाली. मार्चचं ऊन, बेताचा वारा, धक्क्यावर निम्मा क्लब जमलेला. रंगनाथरावांनी होडीचं तोंड पलीकडच्या टेकडीवर धरलं आणि बटण दाबलं. यंत्र बारीकसं वाजलं. त्यांनी दांड्यावरून हात काढला, आणि मग दुसराही, आणि दोन्ही हात वर करून बायकोला दाखवले. होडी सरळ चालली होती. संध्याताईंनी मान डोलावून डबा उघडला. वर लोण्याचा गोळा, कडेला दही.

एरवी जेवताना डावा हात अन्नाला न लावणाऱ्या रंगनाथरावांनी त्या दिवशी डबा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी थालीपीठ मोडलं. हात मोकळे होते, का म्हणून मोडायचं नाही? त्यांनी पहिला घास घेतला. संध्याताई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "छान आहे हो हे." त्या एका घासापुरते रंगनाथराव नाशिक जिल्ह्यातले सर्वांत सुखी गृहस्थ होते.

दुसऱ्या घासाला टेकडी डावीकडे सरकली. तिसऱ्याला ती दिसेनाशी झाली आणि समोर क्लबचा धक्का आला. मग धक्काही गेला आणि पुन्हा टेकडी आली. उन्हानं पट्टी सैल झाली होती, गणपती यंत्राच्या डोक्यावर हळूहळू एका बाजूला घसरत होता, आणि आतल्या होकायंत्राला वाटत होतं की होडीच वळली. ते बिचारं तिला परत वळवायला जोर लावत होतं. अर्थात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. होडी गोल फिरत होती आणि प्रत्येक फेरीला बूम डोक्यावरून जात होता.

"डोकं खाली!" रंगनाथराव ओरडले.

संध्याताईंनी डोकं खाली घेतलं, आणि खालूनच नवऱ्याकडे असं पाहिलं की पुढचा घास त्यांनी डब्यातच राहू दिला.

धक्क्यावरून टाळ्या ऐकू आल्या. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय. "अजून एक!" कुणीतरी ओरडलं. नानांचा आवाज त्या सगळ्यांवर होता, "प्रदक्षिणा घालतीय होडी! देव बसलाय तिच्यात!" यंत्र उचलून बाजूला ठेवणं हा एका क्षणाचा उपाय होता, पण निम्म्या क्लबाच्या डोळ्यांदेखत ते कसं करायचं? रंगनाथरावांनी हसत हात हलवला, जणू हे सगळं ठरल्याप्रमाणेच होतंय, आणि लोणी लागलेल्या बोटांनी बटणं दाबत राहिले. वारा मात्र फिरत्या होडीला धरणाच्या भिंतीकडे नेत होता. तिथे पिंपांची रांग तरंगते आणि तिच्या पलीकडे जायला मनाई आहे. भिंतीवरचा रखवालदार शिट्टी फुंकू लागला.

"अहो," संध्याताई वाकूनच म्हणाल्या, "याला लोखंड चालत नाही ना?"

"अजिबात नाही."

"आणि चुंबक?"

"चुंबक तर मुळीच नाही! डोकं!"

बूम गेला. संध्याताई वर आल्या. "मग गणपतीच्या बुडाला काय असतं?"

रंगनाथरावांनी यंत्राच्या डोक्यावरच्या गणपतीकडे पाहिलं.

"दर दिवाळीला आपल्या गाडीतला गणपती मी पुसते," संध्याताई म्हणाल्या. "उचलताना जोर लावावा लागतो. तुम्ही कधी पुसला असता तर कळलं असतं."

रंगनाथरावांनी झडप घालून गणपतीकडे हात नेला.

"थांबा!" आता संध्याताई ओरडल्या, आणि त्या ओरडल्या की प्रेसमधलं अख्खं खातं थांबायचं म्हणतात. "खरकटे हात आहेत! देवाला लावू नका!"

आणि रंगनाथराव थांबले. भिंत जवळ येत होती, शिट्टी वाजत होती, यंत्र घुरघुरत होतं, आणि ते दह्या-लोण्यानं माखलेले दोन्ही हात हवेत धरून बसून राहिले. हात धुवायला कडेवरून वाकले तर होडी त्या बाजूला इतकी कलली की डब्यातलं दही त्यांच्या विजारीवर आलं. संध्याताईंनी अजून अन्नाला हात लावला नव्हता. त्यांनी नमस्कार करून गणपती उचलला, ओढणीच्या टोकाला बांधला, यंत्राला जॅकेटसकट काखेत धरून दांड्यावरून उपटलं आणि नवऱ्याच्या पायापाशी ठेवलं. मग दांडा मोकळाच राहिला, म्हणून तो धरला.

पहिल्यांदा त्यांनी तो चुकीच्या बाजूला ढकलला आणि भिंत आणखी जवळ आली. "उलटं असतं ते," असं म्हणायला रंगनाथरावांनी तोंड उघडलं.

"तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं," संध्याताई समोरून नजर न काढता म्हणाल्या, आणि दांडा दुसरीकडे घेतला. द्वारका चौकातून त्यांनी वर्षानुवर्षं स्कूटर काढली होती. त्यापुढे पिंपांची रांग काय! होडी रांगेपासून हातभर अंतरावरून वळली, शिडात वारा भरला, आणि हर्षाली टेकडीकडे सरळ चालू लागली.

रंगनाथराव विजारीवरचं दही निपटत बसले होते. धुसफुस करावी असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ओढणी पिन नसल्यानं उडत होती, केस विस्कटले होते, आणि त्या हसत होत्या. तिला इतकं निवांत पाहून त्यांना किती काळ लोटला होता कोण जाणे. त्यांनी उरलेल्या थालीपिठाचा तुकडा मोडून तिच्यापुढे केला. तिचे हात गुंतलेले होते, तेव्हा भरवावा लागला.

धक्क्याला परत आले तर धात्रक सेक्रेटरी स्वतः पुढे आले. "वा, बोरस्ते! सुरुवातीला गोल, आणि नंतर एकदम सरळ. काय यंत्र आहे!" मागे सगळा क्लब उभा होता. लांबून कोणाला काही दिसलं नव्हतं. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी रंगनाथरावांची अब्रू, बासरीपासूनची सगळी, व्याजासकट वसूल झाली असती.

"यंत्रानं गोल फिरवलं," रंगनाथराव म्हणाले. "सरळ आणली ती हिनं."

धात्रकांनी चष्मा कपाळावर चढवला. "वहिनींनी? त्या सभासद आहेत का?"

नव्हत्या. यंत्र सभासद होतं आणि ते होडीच्या तळाशी आडवं पडलं होतं. सभासद हजर असताना बिगरसभासदाच्या हाती सुकाणू दिल्याबद्दल रंगनाथरावांना पावसाळ्यापर्यंत होडी चालवायची बंदी झाली. नानांनी आपला गणपती परत घेतला आणि देवाला ओढणीत का बांधलं, याची चौकशी करत राहिले.

संध्याताईंनी त्याच आठवड्यात पोहण्याची परीक्षा दिली. लहानपणी त्या गोदावरीत पोहायच्या, ही गोष्ट लग्नाला इतकी वर्षं होऊन रंगनाथरावांना क्लबच्या शिपायाकडून कळली.

पुढच्या रविवारी सकाळी ते पेपर वाचत बसले होते. जायचं कुठे, तर कुठेच नाही. संध्याताई डबा भरून दाराशी आल्या, चपला घातल्या आणि थांबल्या.

"सभासदाला एक पाहुणा नेता येतो म्हणे," त्या म्हणाल्या. "येताय?"

रंगनाथराव पेपर तसाच टाकून अनवाणी जिन्यापर्यंत पोचले होते.